सुबाभळीचा पाला आणि बुधरीबाईच्या सहा बकऱ्या

२ डिसेंबर
आजपासून बुधरीबाईच्या सहाही बकऱ्या खुंट्याला! महिनाभर फक्त सुबाभळीचा पाला, रानात सोडायचं नाही — बजावून आले. या पाल्यात प्रथिनं भरपूर, जवळजवळ पेंडीच्या तोडीची. मग रानभर वणवण कशाला?
बुधरीबाई म्हणाली, "ताई, थोडा शिसम, थोडी बोर मिसळू का?" मी फटकन नको म्हटलं. मिसळलं तर वजन कशानं वाढलं ते कळणार कसं? वर्षभर संस्थेसाठी एटापल्लीच्या गावागावांत जनावरांना नुसत्या लसी टोचत फिरले. हा पहिला प्रयोग माझा स्वतःचा. तिनं मुकाट्यानं मान हलवली. ते मला आवडलं, खोटं कशाला लिहू.

१६ डिसेंबर
सांगून ठेवल्याप्रमाणे आज वजनं केली. चार बकऱ्या दीड-दोन किलोनं वाढल्या! दोघींचं घटलं. "थंडीनं झालं असन," बुधरीबाई म्हणाली, माझ्याकडे न बघता. घरी आल्यावरही त्या दोघीच डोळ्यांसमोर.

२३ डिसेंबर
ठरल्याप्रमाणे आज पुन्हा गेले. त्या दोघींच्या पाठीवरचे केस हातात येतात. खरूज समजून औषध चोळलं. खरूज नाही, हे चोळतानाच कळत होतं.

२४ डिसेंबर
पशुवैद्यकीच्या पदविकेच्या वह्या उपसल्या. सापडलं. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विष असतं. एकूण चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, बाकी दुसरा पाला. माझंच अक्षर, खाली रेघसुद्धा मारलेली! प्रथिनांचा आकडा तेवढा पाठ राहिला. मूर्ख कुठली.
पण मग चार ठणठणीत कशा? पाला तोच, गोठा तोच. म्हणजे पाल्याचा दोष नाही. असं तीनदा स्वतःला सांगितलं, एकदाही पटलं नाही. थांबवा म्हणायला जायचं तर चूक कबूल करावी लागणार. उद्या बघू.

२७ डिसेंबर
गेले नाही. संस्थेचे धनराज सर खूश. "चारचे आकडे झकास आहे. दोन बकऱ्या कुठीही आजारी पडते. रिपोर्ट द्या, बाकीच्या गावातही हेच करू." मी हो म्हणाले. हो!

३० डिसेंबर
बुधरीबाईच्या नवऱ्याचा, लालसूभाऊंचा फोन. केस गळणाऱ्या दोघींपैकी काळी गाभण होती. पहाटे गाभडली, करडू गेलं.

३१ डिसेंबर
गेले. अंगणातच सगळं सांगून टाकलं — नुसता पाला विषारी, चूक माझी, कळूनही आठवडा गप्प बसले. बुधरीबाई काळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,
"चार तर आमी पहिल्याच हप्त्यापासून रानात सोडत होतो, ताई. तुमी यायच्या दिवशी बांधत होतो. पण तुमचा शब्द साराच कसा मोडावा? म्हणून ह्या दोन खरंच बांधून ठेवल्या."