शब्द कळणारे स्पीकर

दादा, तुम्ही गेल्यानंतर आपल्या कळंबच्या घरी मी स्पीकर आणलेत. आई दिवसभर मोबाईल कानाशी धरून कीर्तन ऐकत बसते. कानाचं यंत्र तिला नको, त्यात शिट्टी वाजते म्हणते. म्हटलं, एकदाच काहीतरी चांगलं घ्यावं. पुण्याच्या दुकानात गालिचे, जाड पडदे. तिथं कमरेएवढे उंच स्पीकर असे वाजले की मी लगेच घेऊन आले. घरी मात्र नुसता गलका. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, हायवेकडची काचेची खिडकी. पखवाज पोटात घुमायचा आणि बुवांचा एक शब्द धड कळेना. आई थोडं ऐकून स्वयंपाकघरात निघून गेली. दुकानदार म्हणाला, खोलीच्या मानानं ते मोठे झाले, परत आणा, आणि या खेपेला घरी जे ऐकता तेच इथं लावून बघा. मग मी आईलाच सोबत नेलं. डोळे मिटून तिनं एकेक जोडी ऐकली आणि सगळ्यात बारक्या जोडीवर बोट ठेवलं. घरी ती भिंतीपासून हातभर पुढे, स्टुलांवर, तिच्या खुर्चीकडे तोंड करून मांडली. खिडकीला जाड पडदा लावला, खाली सतरंजी अंथरली. कीर्तनात बुवांनी काहीतरी विनोद केला आणि माझ्याआधी आई हसली.

मग मला कीर्तन बंद करायला लावून म्हणाली, "तुजं दादा शेवटी लई बोलायचं. मला कायबी कळायचं न्हाई. परत इचारलं तर त्यास्नी जोर लावाय लागायचा, घसा दुखायचा. मी नुस्ती मान हालवायची."

मंचरच्या बाजारात तुम्ही कांद्याचा लिलाव पुकारायचात. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन आले की तुम्ही दिसायच्या आधी रस्त्यापर्यंत तुमचा आवाज यायचा. घरातही तसंच बोलायचात, म्हणून आईला कमी ऐकू येतंय हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि कुजबुजीएवढा आवाज उरला. त्या हिवाळ्यातली एक सकाळ मला अजून दिसते. तुम्ही अंगणात ऊन खात बसलाय, आई शेंगा फोडतेय. तुम्ही तिला काही विचारता, ती मान हलवते आणि पुन्हा शेंगांकडे बघते. ती आत गेल्यावर तुम्ही माझा हात धरून जवळ ओढता. "तुजी आई माज्याशी बोलत न्हाई गं. माजं काय चुकलं?" मी म्हणते, दमली असेल. तुम्ही पुन्हा तो विषय काढत नाही.

ती रुसली नव्हती, दादा. हेच सांगायला बसले. तिच्यापर्यंत तुमचा आवाज पोचतच नव्हता, आणि तुमच्या दुखण्यात आपल्या कानाचं कुठं काढायचं म्हणून ती गप्प राहिली.

कीर्तन बंद करायला लावलं त्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुला तर ऐकू यायचं. काय म्हनायचं ते?"

मी म्हटलं, "तुझ्या हातची भाकरी मऊ होते म्हणायचे. तू जवळ बसलीस की बरं वाटतं म्हणायचे."

ती बराच वेळ तुमच्या रिकाम्या कॉटकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून भाजी निवडायला गेली.

आईचे कान गेले तरी तिची नजर शाबूत आहे, म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही. लिहून झाला की फाडणार आहे. पण तिच्याशी खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलेलं नाही, दादा.