रे रोडचे मैदान आणि काकांचे तिकीट

मी, कुमारी नलिनी गुरुदत्त धराधर, वय सत्तावीस, व्यवसाय ड्राफ्ट्समन (दाखल्यावर हाच शब्द आहे, मी तो बदलून मागितलेला नाही), राहणार ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; उलट दोघातिघांनी "अभद्र बोलू नकोस" म्हणून अडवून पाहिले.

येत्या बुधवारी माझ्या उजव्या फुफ्फुसावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, थोडा धोका आहे. थोडा म्हणजे किती, हे मी विचारले. त्यांनी विषय बदलला. मी अविवाहित आहे. आईवडील हयात नाहीत, भावंड नाही. काही न लिहिता गेले तर नव्या वारसा कायद्याप्रमाणे वडिलांकडून आलेली जमीन त्यांच्या भावाकडे, म्हणजे कमलाकांत काकांकडे जाईल, आणि महिन्याभरात तिथे लाकडाची वखार उभी राहील. तसे होऊ नये, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. रे रोड स्टेशनजवळ वखारींच्या मागे असलेली माझ्या मालकीची जमीन, तीवरील सायकल शर्यतीचा मातीचा ट्रॅक, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी व रोलर, हे सर्व मी सुभद्रा लक्ष्मण परब आणि शिवा गोविंद तावडे, दोघेही राहणार लालबाग, यांना समाईक देत आहे. सुभद्राबाईंची खाणावळ आहे आणि मैदानावर त्यांचा भज्यांचा स्टॉल असतो. शिवा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवतो आणि आमच्याकडे शर्यती जिंकतो. या दोघांचे आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेले नाही. म्हणूनच दोघांना दिले. एकाने विकायचे म्हटले की दुसरा नाही म्हणेल.

कलम २. शर्यत गिरणीच्या पगारानंतरच्या पहिल्या रविवारी घ्यावी. याचे कारण नोंदवून ठेवते. मैदान माझ्या वडिलांनी, अप्पांनी, काढले. ते बँकेत हेडक्लार्क. त्यांचा पगार महिनाअखेरीस होई, म्हणून शर्यतही महिन्याच्या शेवटच्या रविवारी. चार वर्षे तोटा. गिरणगावाला शर्यतीची आवडच नाही, असे ते म्हणत गेले. प्रत्यक्षात शेजारच्या वखारीतल्या ओंडक्यांवर चढून शेकडो माणसे शर्यत बघत होती. अप्पा गेल्यावर मी ओंडक्यांखाली उभी राहून विचारले, "आत का येत नाही?" वरून उत्तर आले, "बाई, पगार झाल्यावर ठेवा की! बायकोला पण घेऊन येतो." गिरणीचा पगार दहा तारखेच्या आसपास होतो, हे गिरगावातल्या आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. मी दिवस बदलला. ओंडके रिकामे झाले.

कलम ३. ट्रॅकची माती बदलू नये. अप्पा मुरूम विकत आणत. गिरण्या बॉयलरची राख उचलून नेण्यासाठी कंत्राटदाराला पैसे देतात. ते कंत्राट मी घेतले. राख चाळून लाल मातीत मिसळायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा. ज्या मालासाठी अप्पांचे पैसे जात, तो नेण्याबद्दल मला पैसे मिळतात. तिकिटांतून बक्षिसे निघतात, स्टॉलच्या भाड्यातून पाणी आणि कर. राखेचे उरते. मैदान चालते ते या उरलेल्यावर.

कलम ४. जमिनीचा चढउतार मोजायची माझी दुर्बीण, डंपी लेव्हल, शिवाला. अप्पांनी वळणे सपाट ठेवली होती. त्यात शिवाचे खांद्याचे हाड मोडले. सायकल बाहेर फेकली जाऊ नये म्हणून मी वळणांना आतल्या बाजूला उतार आखून बांधला. पावसाळा संपला की तो दरवर्षी मोजून घ्यावा. शिवाला लेव्हल वापरता येते. वाद घालतो, पण येते.

कलम ५. पोलिसांशी बोलायचे काम सुभद्राबाईंकडेच असावे. छप्पन्नच्या कर्फ्यूनंतरच्या पहिल्या शर्यतीला एक फौजदार फाटकावर आला. मोर्च्याचा संशय. "एवढी माणसं कुठं चाललीत?" सुभद्राबाई कढईवरून न उठता म्हणाल्या, "खंयच नाय ओ सायबानू. गोल फिरून परत हयच येतत." फौजदार भजी खाऊन गेला. बक्षीस समारंभ होईपर्यंत थांबला असता तर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा त्यालाही ऐकू आल्या असत्या.

कलम ६. ठाकूरद्वारची भाड्याची जागा, भांडीकुंडी व पोस्टातली शिल्लक राधाबाईंना. आई गेल्यापासून त्यांनी हे घर सांभाळले. मी ऑफिसातून थेट मैदानावर जाते हे त्यांना पसंत नाही, तरी डबा दोन वेळचा देतात.

कलम ७. कमलाकांत काकांस. अप्पांच्या तेराव्याला पंगत उठण्याआधी काका सर्वांदेखत म्हणाले होते, "नलू, सायकली गोल फिरवून पोट भरतं का कोणाचं? धूळ विकणार तू, धूळ! हे मैदान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर मी तिकीट काढून येईन." पुढे त्यांनी एक स्थळही आणले. मुलाची अट होती, आधी मैदान विकावे. मी चहा दिला आणि वळणांचा नकाशा दाखवला. मैदान तीन वर्षे स्वतःच्या पायावर उभे आहे. काका आलेले नाहीत.

कलम ८. येत्या १ मे रोजी, रविवारी, मुंबईसह महाराष्ट्र राज्य होत आहे. मी असेन वा नसेन, त्या दिवशी शर्यत व्हावी. पहिल्या तारखेला गिरणगावाचे खिसे रिकामे असतात, हे मला ठाऊक आहे. कलम २ मी स्वतः मोडत आहे. म्हणून त्या दिवशी फाटक सर्वांना मोफत. मैदानाला ते आता परवडते. हे वाक्य लिहिता यावे म्हणून मी पाच वर्षे राबले.

तिकीट फक्त एक फाडावे. कमलाकांत काकांचे, पूर्ण दराने, पहिल्या रांगेतले. निमंत्रण शिवाने स्वतः नेऊन द्यावे. काकांच्या खुर्चीपुढे पाणी जरा जास्त मारावे. धुळीने त्यांना शिंका येतात.

मी बरी होऊन आले तर ते तिकीट मी फाडीन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या ऑफिसचे हेड ड्राफ्ट्समन श्री. हेमचंद्र अजिंक्य यांनी करावी. सुभद्राबाईंना साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, हे समजावले. "मग माका नको ता मैदान, सही करूंक दी," म्हणाल्या. दिली नाही.

सही: नलिनी गुरुदत्त धराधर

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली व आम्ही तिच्यासमक्ष सह्या केल्या.
साक्षीदार १: हेमचंद्र विनायक अजिंक्य, गिरगाव
साक्षीदार २: शांता दामोदर कीर्तने, शिक्षिका, दादर

स्थळ: मुंबई
दिनांक: १६ एप्रिल १९६०, शनिवार