तुंगवर आधी दोघींनीच

३ नोव्हेंबर, सोमवार
अनिताला फोन केला. शनिवारी तुंग किल्ला, नक्की. वरून पवना धरणाचं सगळं पाणी एकदम दिसतं म्हणे. दहावीत कॉन्व्हेंटच्या सहलीला धुकं होतं, सिस्टरने पायथ्यावरूनच परत आणलं. तेव्हा बसमध्ये आम्ही शपथ घेतली : वर जाऊ तर दोघी मिळून, एकमेकींशिवाय कधीच नाही. बेचाळीस वर्षं दोघींनी पाळली. अशी मैत्री आता कुठे राहिली आहे.
उद्यापासून तुंगार्ली तलावाकडे रोज दोन फेऱ्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
अर्धी फेरी. वाटेत ओळखीच्या बायका भेटल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार
रद्द. सून फलकच्या माहेरची माणसं जेवायला. फलक म्हणाली, अम्मी, बिर्याणी मी करते, तुम्ही जा. पण तिच्या हातची पाहुण्यांना कशी द्यायची? अनिताला फार वाईट वाटलं असणार. फोनवर हसून वेळ मारून नेली बिचारीने.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रद्द. शनिवारी गर्दी असते. आपण लोणावळ्याची माणसं, पर्यटकांच्या रांगेत चढायचं का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मुलाला, रियाजला, सुट्टी होती. त्याला घेऊन तुंगच्या पायथ्याशी गेले. वाट आधी बघून ठेवली तर अनिताला त्रास नको. किल्ला संरक्षित, वर प्लॅस्टिक राहू नये म्हणून गावातले केरबाआबा वर जाणाऱ्यांची नावं आणि पाण्याच्या बाटल्या वहीत लिहून घेतात, उतरल्यावर बाटल्या मोजतात. म्हणाले, लिवा ताई. वही उघडली तर समोर अनिताची सही. तो कर्सिव्ह ए सिस्टरने आम्हा दोघींकडून एकाच बाकावर गिरवून घेतलेला. चार माणसं, सहा बाटल्या. दिवाळीतली तारीख.
आबांना विचारलं, या बाई कोण? म्हणाले, त्या व्हय, दरसाल येत्यात की. औंदा नातवंडं बी आणलीवती. लय चपळ बाई.
रियाजला म्हटलं, ऊन लागतंय, घरी चल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अनिताला वहीचं विचारलं. म्हणाली, अगं कमर, पहिली वीस वर्षं थांबले ना. नंतर पोरं मागे लागली. तुला सांगितलं असतं तर तू ठरवणंच सोडलं असतंस.
म्हटलं, माझा विश्वास होता तुझ्यावर.
म्हणाली, मग या शनिवारी चल. सहाला गाडी घेऊन दारात येते.
शनिवारी जमणार नाही म्हटलं. कारण सांगायला गेले तर सुचेना.
तिने विचारलंच नाही.