रविराजची रिकव्हरी

२० जानेवारी २०२५, सकाळी ८.१०
रविराजचा फोन. तीनशेपैकी १४३. पास व्हायला १५० लागतात. माझा अंदाज होता १४३. आकडा आला १४३! साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली, ती झोपा काढून नाही.
सगुणाने विचारलं, पोरगं पास झालं का. म्हटलं, हा अडाणी प्रश्न आहे, ट्रेंड बघायचा असतो. ती म्हणाली तव्यावर भाकरी आहे, आणि आत गेली.

२१ जानेवारी
चार्ट नव्या ग्राफ पेपरवर उतरवला. रविराज बिश्केकहून एमबीबीएस होऊन आला. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्याला इथे पुन्हा परीक्षा. ती निघाल्याशिवाय प्रॅक्टिसचं लायसन नाही. वर्षातून दोनदा असते. पहिल्यांदा ९८, मग १०७, ११६, १२६, १३३, आणि आता १४३. एकही खड्डा नाही. लोकांची पोरं एकदा वर, एकदा खाली.
कारखान्यात रोजची रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते, मी अशीच मांडायचो. पोरगं आडसाली ऊस आहे. उशिरा पिकेल, पण उतारा देईल.
फोटो त्याला व्हॉट्सॲप केला. दर वेळी करतो, पुढचा अंदाज तुटक रेघेने दाखवून. जुलै : १५२. त्याने अंगठा पाठवला.

२ फेब्रुवारी
देशाचा निकाल पेपरात वाचला. शंभरात वीस पास, कधी पंचवीस, मागे एकदा तिसाच्या आसपास, पुन्हा घसरण. किळस आली. असला उतारा घेऊन मी चीफ केमिस्टपुढे गेलो असतो तर त्यांनी मला मळीच्या टाकीत ढकललं असतं. इथे कुणाला लाज नाही. वर परीक्षेची वेबसाईट धड चालत नाही. मार्कांचं कार्ड पाठव म्हटलं की रविराज म्हणतो, साईट बसलीय आप्पा. दोन वर्षं बसलेलीच आहे. सरकारी कारभार.
ठराव : चार्ट टपरीवर न्यायचा नाही. लायकी नाही लोकांची.

३ फेब्रुवारी
नेला. सावळाराम होता. माझ्याच कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होता, आता शेजारी राहून माझं डोकं खातो. चार्ट बघून त्याने मान डोलावली. सगळेच डोलावतात. एकालाही एक शहाणा प्रश्न पडत नाही. सावळारामने विचारलं काय, तर रविराज बरा हाय का. म्हटलं, १४३.

१६ मार्च
रविराज पुण्याहून आला. तिथे कुठल्याशा अभ्यासिकेत बसतो. बोटं निळी झालेली, मार्करच्या शाईने. इतका लिहितो पोरगा. स्वयंपाकघरात आईशी काहीतरी बोलून हसत होता. मी आत गेलो तर दोघं गप्प. विचारलं, तयारी किती टक्के झाली? म्हणाला, सत्तर. आजारी माणसाकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत होता. मला ते आवडलं नाही.

२६ एप्रिल
यवतला हायवेलगत गाळा बघून ठेवला. मालकाला सांगितलं, ऑगस्टपासून दवाखाना. तो म्हणाला, मोमोवाला मागतोय. मोमो! खुटबाव-यवतच्या माणसाने उकडलेल्या मैद्याच्या गोळ्या खायच्या. शी. याच लोकांची पोटं उद्या रविराजला तपासायची आहेत.

११ जून, दुपारी
रविराजचा फोन. या वेळी पेपर देऊ नये असं वाटतंय म्हणाला. मी झापला. रिकव्हरी चढत असताना कुणी गाळप बंद करतं का? आठ-दहा मार्कांचा तर प्रश्न. शेवटी म्हणाला, बघतो.
या पिढीत चिकाटी नाही. मला वीट आलाय.
ठराव : त्याला रोज फोन करायचा. आजचे सोडवलेले प्रश्न किती, एवढंच विचारायचं. फाफटपसारा नको.

२७ जुलै
पेपर झाला. कसा गेला? म्हणाला, बरा. किती येतील? म्हणाला, तुमचा अंदाज काय आहे? बापाच्या हिशोबावर एवढा विश्वास ठेवणारं पोरगं आजकाल मिळत नाही. म्हटलं, १५२.

१४ ऑगस्ट
निकाल लागला असं मोबाईलवर आलं. रविराज फोन उचलत नाही. उघड आहे, मित्रांनी घेरला असेल. सहा वेळचा ट्रेंड सातव्यांदा मोडत नसतो. चौफुल्याहून तीन किलो पेढे आणले आणि टपरीवर वाटले. सगुणा म्हणाली, त्याचा फोन तर येऊ द्या. अडाणी.
लोकांनी पेढे घेतले, पण मान खाली घालून. सावळारामने तर खाल्लाच नाही, हातात धरून बसला. जळतात. दुसऱ्याच्या पोराचं चांगलं झालेलं या गावाला बघवत नाही.

१७ ऑगस्ट, रात्री ९
न्हावऱ्याला भाच्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. फाट्यावर फ्लेक्स. त्यावर माझ्या रविराजचा फोटो! हाताची घडी घालून उभा, डोक्यामागे पिवळा गोल, खाली लिहिलेलं : 'नीटची तयारी? बायोलॉजीचे बादशाह रविराज सर, शिरूर.'
चोरी. डॉक्टर माणसाचा फोटो उचलून क्लासवाले धंदा करतात. साखरपुड्यात दोन-तीन जणांना सांगितलं, तर ते बासुंदीकडे बघत राहिले.
ठराव : उद्या शिरूरला जाऊन माफी लिहून घ्यायची. नाही दिली तर पोलीस स्टेशन.

१८ ऑगस्ट
एसटीने गेलो. पहिला मजला, खाली चपलांचा ढीग. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, आजोबा, ॲडमिशन नातीचं का? मी फोटोच्या चोरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सर लेक्चरला हायत, बसा.
प्लायवूडच्या भिंतीपलीकडून आवाज येत होता. किडनी शिकवणं चालू होतं. पोरं हसत होती. किडनीत हसण्यासारखं काय आहे? एका मुलीला समजलं नाही, तर परत पहिल्यापासून सांगितलं, न वैतागता. आवाज ओळखायला मला दहा मिनिटं लागली. घरात तो असा बोलतच नाही.
बाहेर आला. हातात निळा मार्कर. मला बघून त्याने मार्करचं टोपण लावलं. एवढंच म्हणाला, "आप्पा, पेपर मी दोनदाच दिला. पुढचे आकडे तुमच्या रेघेवर बसवले."
मी विचारलं, मग कधी माझ्या अंदाजापेक्षा सहा-सात मार्क कमी का नाही सांगितले. म्हणाला, एकदा सांगणार होतो, पण तुम्ही चार्ट फ्रेम करायला टाकला होता. १५२ मात्र सांगता येईना. पुढे लायसनच दाखवावं लागलं असतं.
चहा पाजला त्याने. मी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मला स्वतःची शिसारी आली. हे कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहितो.

१९ ऑगस्ट
सगुणाला माहीत होतं. सावळारामला माहीत होतं. त्याची नात दीड वर्षापासून रविराजच्या वर्गात जाते. अख्ख्या टपरीला माहीत होतं. मी चार्ट उलगडायचो आणि ते माझ्यासाठी मान डोलवायचे. पेढे घेतानाही माहीत होतं.
सगुणावर ओरडलो. मला एका शब्दाने का नाही सांगितलं? ती निवांतपणे शेंगा निवडत होती. म्हणाली, "पोरगं फोनवर आलं की तुमी 'किती' म्हनायचा. त्येनं आकडा सांगायचा. तुमी फोन ठेवून द्यायचा. त्यात मी कवा सांगू?"
जेवलो नाही. यवतच्या मालकाला फोन केला. गाळा मोमोवाल्याने घेतलाय.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी ७
पाच दिवस ठरवत होतो. आज मीच फोन लावला. तो "आप्पा" म्हणाला आणि माझ्या तोंडातून सवयीने निघालं, "किती?"
मी घाईने सावरलं, "म्हंजी, पोरं किती हायत वर्गात?"
म्हणाला, "बेचाळीस." मग थांबून म्हणाला, "गेल्या साली एकतीस व्हती."
जेवलास का, विचारलं. हो म्हणाला. ठेवला.
नवा ग्राफ पेपर घेतला. एकतीसवर ठिपका दिला. बेचाळीसवर दिला. वाढ अकराची, म्हणजे पुढच्या वर्षी त्रेपन्न. पट्टी ठेवली आणि तिथेच थांबलो. हे दोन आकडे खरे आहेत, की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगितले? परत फोन करून विचारायचं धाडस झालं नाही.