भाऊसाहेबांच्या जीपचा नंबर
मंगळवार संध्याकाळ, उमरखेड

आज वनिताताईनं माझ्या चुकीची बोलणी खाल्ली, अन् मी गप्प राह्यलो.

गोदामाचा सर्व्हर इथं ऑफिसात आहे. फुलसावंगीच्या खरेदी केंद्रावरून तिनं ब्राउझर उघडून सोयाबीनची आवक भरायची. त्यासाठी कोणता पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं कोणत्या नंबरचं दार, खुला ठेवायचा, हे ठरवणं माझं काम. पण आमचे मालक भाऊसाहेब म्हणाले, "सहासष्ट सहासष्ट ठेव. माह्या जीपचा नंबर हाय, लकी हाय." मी 'हो' म्हटलं. काहून म्हटलं?

सकाळपासून तिकडं पान उघडेच ना. शेतकरी पोत्यांवर बसून. भाऊसाहेब फोनवर तिच्यावर ओरडले, "कॉम्प्युटर जमत नसन त सांग ना तसं!"

दुपारी तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला, तवाच मले समजलं. तो पोर्ट असुरक्षित म्हणून ब्राउझरच अडवते. मी शेजारीच बसलो होतो भाऊसाहेबांच्या. जीपचा नंबर पोर्टले चालत नाही, एवढंच सांगायचं होतं. मी फोटो बंद करून मोबाइल खिशात टाकला.

चार वाजता गुपचूप पोर्ट बदलला अन् तिले लिंक पुन्हा पाठवली. लगेच तिचा फोन आला. "झालं दादा! माझंच काहीतरी चुकत होतं ना?"

मी पुन्हा 'हो' म्हटलं.