खिडकीखालची खुर्ची

प्रिय सुनंदा,

'प्रिय' म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती. जिवंत होतीस तेव्हा 'अगं ए'वर भागत होतं. पण पत्रात असं लिहितात, म्हणून लिहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षराला हसू नकोस. तुझ्या तापाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावरच लिहितेय.

आजच का लिहिते, ते सांगते. काल तुझ्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. तू गेल्यावर पहिल्यांदाच. मला वाटलं, काही कागद राहिले असतील. तर म्हणाल्या, "आजी, या पावसाळ्यात साथ परत आलीय. एक पोरगी आहे, तिची सलाईन थांबवावी लागतील असं दिसतंय. तिच्या सासूशी तुम्ही बोलाल का?"

ऐकलंस? मला समोरून येताना बघून बायका गल्ली बदलतात, आणि एवढी शिकलेली डॉक्टर मला बोलायला बोलावते! ही सगळी तुझी करणी.

मागच्या वर्षीचा तो दिवस आठवतो का गं? तुझं छातीचं ऑपरेशन झालेलं, कॅन्सरची चार सलाईन झालेली, दोन राहिलेली. आणि मधेच तो स्वाइन फ्लू आला. पुण्याच्या बातम्या बघून माझा विलास नाकाला रुमाल बांधून अंबडला कामाला जायचा, आणि घरी आला की तोच रुमाल खुंटीला! दवाखान्यात तर दारातच विचारत होते, खोकला आहे का, ताप आहे का.

पडद्याआडून आपल्या आधीच्यांचं सगळं ऐकू येत होतं. एका आजोबांना मॅडम म्हणाल्या, तुमचं दोन महिने थांबलं तरी चालेल. एका बाईला सलाईनऐवजी गोळ्या लिहून दिल्या. आपला नंबर आला तसं मी विचारलंच, "मॅडम, रोग एकच ना? मग जो तो वेगळं औषध घेऊन कसा चाललाय?"

बाई रागावली नाही. म्हणाली, "आजी, एरवी मी एकवीस दिवस मोजते आणि सलाईन लावते. आता दोन आजार समोर ठेवून ठरवावं लागतं. सलाईननंतर आठ-दहा दिवस हिच्या अंगात लढायला काही उरत नाही. तेवढ्यात फ्लू झाला तर तोच आधी नेईल. थांबले, तर कॅन्सरला मोकळं रान. घरी माणसं किती येतात, ते सांगा."

विलास खरं बोलला. "दार बंदच होत नाही मॅडम. कंपनीतले, गल्लीतले, पिंपळगावचे. भेटायला येतातच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग थांबू या. साथ ओसरली की बघू."

विलासनं मान हलवली. मीही हलवली. डॉक्टरपुढे हलवायचीच असते. तू मात्र हलवली नाहीस. कंपनीत तू नटबोल्टांची मापं तपासायचीस, माप बसलं नाही तर साहेबाच्या ओळखीतला मालसुद्धा परत पाठवायचीस, हे मी ऐकून होते. त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

"मॅडम, घरी कोणी आलंच नाही, तर द्याल?"

"कोणी म्हणजे कोणीच नाही. जमेल?"

"जमेल. घरी सासूबाई आहेत."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. "या आजी लोकांना आत येऊ देणार नाहीत?"

"मॅडम, सासूबाई घरात आहेत कळलं की निम्मे लोक तसेच येत नाहीत. उरलेल्या निम्म्यांचं या बघतील."

काय हसल्या गं त्या! विलास छताकडे बघत बसला. पंधरा वर्षं माझ्या तोंडाबद्दल तू चकार शब्द काढला नव्हतास, आणि काढलास तो थेट डॉक्टरपुढे! मला राग यायला हवा होता. नाही आला. सगळी दुनिया ज्या तोंडाला नावं ठेवते, ते तू कामाला लावलंस. असली डोकेबाज सून माझ्या घरात आहे, हे मला तेव्हा कळलं बघ.

मॅडमनी पेन उचललं. सकाळी पहिला नंबर, बाकड्यावर बसायचं नाही, सलाईन संपलं की सरळ घर. दिवसातून तीनदा ताप बघून वहीत लिहायचा. शिजवलेलंच खायचं. बाहेरच्या कोणाला घरात घ्यायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. मी म्हटलं, सगळं लक्षात आहे. शेवटचं नव्हतं.

मग मी दाराशी बसले. कंपनीतल्या सहा जणी एका रिक्षातून आल्या, केळी घेऊन. मी म्हटलं, "सुनंदा जागी आहे, बरी आहे, आणि तुम्हाला भेटणार नाही. केळी ओट्यावर ठेवा आणि निघा." नात्यातली पिंपळगावची आक्का म्हणाली, "अगं, मी काय परकी हाय का?" म्हटलं, "फ्लूला विचार." ती अजून माझ्याशी बोलत नाही. तेवढीच शांतता!

गणपती तर मी ओट्यावरच बसवला. येणाऱ्यानं रस्त्यावरून हात जोडावे आणि पुढं जावं. गल्लीत बोंब झाली, म्हातारीनं देवाला घराबाहेर काढलं! तू आतून हसत होतीस, मी ऐकलं.

आणि ती वही. ताप बघायची नळी वाचायला तू मला शिकवलंस. एकदा पारा शंभराच्या दोन रेघा खाली होता, मी शंभर लिहून मोकळी झाले. तू खोडायला लावलंस. "आई, दिसतं तेवढंच लिहा. अंदाज मॅडम करतील." अंगात उभं राहायची ताकद नाही, आणि माझी तपासणी चालली होती!

आता जे टोचतंय ते लिहिते.

तुझी आई सिन्नरहून आली. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, हातात मुगाच्या लाडवांचा डबा. मी दारात आडवी.

"विहीणबाई, मी आई हाय तिची."

"आणि मी दवाखान्यात शब्द देऊन आलेली सासू आहे."

तेवढ्यात त्या दोनदा खोकल्या. धुरळ्याचा खोकला होता की तसला, कोणाला ठाऊक! मी आत गेले आणि तुझ्या खोलीची खिडकीही लावून टाकली. त्या बराच वेळ ओट्याखाली उभ्या होत्या. मग डबा ठेवून आल्या पावली गेल्या.

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणालीस, "आई, दार लावायला मॅडमनी सांगितलं होतं. खिडकी लावायला कोणी सांगितलं?"

सुनंदा, तू माझंही माप काढलंस, आणि ते बसत नव्हतं.

पुढच्या रविवारी मीच निरोप धाडून त्यांना बोलावलं. आधी दारातूनच विचारलं, खोकला गेला का? गेला होता. मग खिडकी सताड उघडली आणि गल्लीत, चार हात लांब, प्लास्टिकची खुर्ची टाकली. त्या तोंडाला पदर लावून दुपारभर बसल्या. तू आत, त्या बाहेर. म्हशीचं झालं, शेजारणीचं झालं, माझंही झालं असणार. मी खिडकीच्या कट्ट्यावर चहा ठेवायचा, मागं सरायचं, मग त्यांनी उचलायचा. त्यानंतर दर रविवारी ती खुर्ची तिथंच.

सहाव्या सलाईनच्या आधी मॅडमनी वही पान न् पान बघितली. "इतकं चोख आमच्याकडेही कोणी लिहीत नाही," म्हणाल्या, आणि लावलं सलाईन. मी वॉर्डभर सांगत सुटले, सून कंपनीत तपासनीस आहे!

मग केस आले. नको नको म्हणत असताना तू स्कूटी काढून कामावर गेलीस. दिवाळीला तुझी आई महिनाभर राहिली, तुम्ही मायलेकींनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला त्याच खुर्चीवर बसवलं.

उन्हाळ्यात ते परत आलं. या वेळी लिव्हरमध्ये. पाऊस पडायच्या आत तू गेलीस.

तेराव्याला एक जण म्हणाली, "एवढं कोंडून ठेवलं, शेवटी काय झालं?" म्हटलं, "मधे दिवाळी झाली. तुला दिसली नाही का?"

पण मनात होतंच. म्हणून आज दवाखान्यात गेल्यावर मॅडमना विचारलं, तेव्हा थांबलो असतो तर? त्या म्हणाल्या, "आजी, ते मलाही सांगता येणार नाही. त्या दिवशी जे समोर होतं, त्यावरून ठरवलं. आजही तसंच ठरवणार." खोटा दिलासा दिला नाही. बाई तुझ्याच जातकुळीची आहे.

त्या पोरीची सासू भेटली. डोक्यावर पदर, आवाज इतका बारीक की कान पुढं करावा लागतो. "लोकांना नाही कसं म्हणायचं हो? वाईट दिसतं."

"दिसू द्या," म्हटलं. "मी तीस वर्षं वाईट दिसतेय, जेवण पचतंय माझं."

मागं बसलेली पोरगी खुदकन हसली. डोक्याला रुमाल, हात सलाईननं काळे पडलेले. तुझ्यासारखीच हसली, तोंड फिरवून. मॅडम म्हणाल्या, घरचं जमत असेल तर सोमवारी सलाईन लावते. जमणार नसेल तर थांबू.

तर ऐक. हा माझा शब्द. सोमवारपासून मी त्यांच्या ओट्यावर बसणार, सातपूरला. आत पाऊल टाकणार नाही. त्या बाईला नाही म्हणता येईपर्यंत तिच्या वतीनं मी म्हणेन. तुझी वही तिला दाखवीन, खोडलेल्या शंभरासकट. आणि त्या पोरीचीही आई आहे, कळवणला असते. ती येईल तेव्हा दार बंद असेल.

खिडकी मी स्वतः उघडीन. खुर्ची आपल्या घरून नेतेय.

तुझी सासू,
भागीरथी