अगारीची तीज, इरीची तीज

अगारी,
१ मार्च १९९३

ती. माकातोताईस,
धाकट्या उतोचा सा. न. वि. वि.

पत्र फोडण्याआधी तू पाकिटाकडे चांगली पाच मिनिटं बघत बसली असशील. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आपल्या दोन बेटांमध्ये होडीला पंधरा मिनिटं लागतात, हवा स्वच्छ असली की तुमच्या इरीच्या शाळेचं छप्पर मला अंगणातून दिसतं, तरी नाही लिहिलं. आजही राग गेलाय म्हणून लिहीत नाही, काम आहे म्हणून लिहितेय.

फुमीला गेल्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली. नाव हारुना. तिला घेऊन ती ओसाकाहून यायचं म्हणतेय. पहिल्या वर्षी तिजेला मुलीचे पाय समुद्रात बुडवायचे असतात, हे तिने नवऱ्याला तीनदा समजावलं म्हणे, आणि तिन्ही वेळा तो बरं म्हणाला. माणूस गरीब दिसतो. फुमीने बजावलंय की पाय बुडवताना मावशी हवीच, नाहीतर ती येणारच नाही. लेक माझी आणि हुकूम तुझा, हे काही आपल्याकडे नवीन नाही.

तर जुन्या पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातल्या तिजेला दहाच्या होडीने ये. धक्क्याला लागून आपला किनारा आहे, तिथे केवड्याच्या रांगेपाशी. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या मोची तू कर, तुझ्यासारख्या मला या जन्मी जमायच्या नाहीत. लाल भात मी आणते. फोन करत नाही, तुला हल्ली फोनमध्ये नुसता वारा ऐकू येतो असं तुझा लेक मोरिओ सांगत होता.

लोभ ठेव असं लिहायची पद्धत आहे. ठेवलास तर बरं, नाही ठेवलास तरी मोची आण.

तुझी,
उतो

---

इरी,
२६ मार्च १९९३

चि. उतोस,
अ. उ. आ. आशीर्वाद देते, कारण मी थोरली आहे. दुसरं कारण सापडत नाही.

काल तीज होती. पहाटे चारला उठून मी मोची केल्या, चाळीस. पाला मळ्यातून स्वतः खुडून आणला. आमच्या गावच्या सगळ्या बाया आमच्या किनाऱ्याकडे निघाल्या आणि मी एकटी डबे घेऊन धक्क्याकडे. तिकीटवाल्याने विचारलं की आजी, आज सणाच्या दिवशी उलटीकडे कुठे. मी त्याला म्हटलं की माहेरी चाललेय. सहा वर्षांनी हा शब्द तोंडातून निघाला आणि होडीत बसल्यावर मला रडू आलं, समोरच्या बाईला वाटलं बोट लागली.

तुमच्या किनाऱ्यावर कुणीसुद्धा नव्हतं. केवड्याखाली चटई घालून बसले. तासाने तुझ्या घरापर्यंत जाऊन आले, तर दाराला फळ्या. तुझ्या शेजारच्या कामेने कुंपणावरून विचारलं, तिला सांगितलं की शंख वेचायला आलेय. परत वाळूवर येऊन बसले. ना तू, ना फुमी, ना ती मुलगी. दोन मोची खाल्ल्या, स्वतःचे पाय स्वतःच बुडवले आणि तीनच्या होडीने घरी आले. उरलेल्या मोची मोरिओने संपवल्या, त्याला काही बोलले नाही.

सहा वर्षांपूर्वी ओबोनच्या सणाला तू धक्क्यावर फुमीची वाट बघत दोन होड्या सोडल्यास, आणि ती आमच्या घरून परस्पर ओसाकाला गेलेली होती. मला दोन महिने आधीपासून ठाऊक होतं, मी तुला कळवलं नाही. ती चूक माझी. पण त्याचं उट्टं तू एका म्हातारीला वाळूवर बसवून काढशील असं वाटलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं होतं, ते तोंडानेच सांगणार होते. माझी मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी यंत्रावर रक्त धुवायला सांगितलंय, आठवड्यातून तीनदा, आणि ते यंत्र नाहा शहराशिवाय कुठे नाही. दहा एप्रिलला मोरिओ मला घेऊन जातोय. घर बंद करतोय. म्हणजे इरी सुटली, आणि ही माझी इथली शेवटची तीज होती. ती कशी गेली ते वर लिहिलंच आहे.

तू सुखी राहा. माझ्याकडून लोभात कधी कमी पडलं नव्हतं.

माकातो

---

अगारी,
२९ मार्च १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग खराच समज, पत्र वाचून मी जमिनीवरच बसले होते.

अगं ताई, यंदा तिसरा महिना अधिक आहे. दोन तिसरे महिने, दोन तिजा. अधिक आला की आपल्या अगारीला पहिली तीज पाळतच नाहीत, दुसरी पाळतात. पहिलीला पाणी गार असतं आणि पुजारीणबाई उठत नाही. इरीला पहिलीच पाळतात. हे तुला मी सांगायचं? आपली आई अधिकाच्या वर्षी आपल्याला पहिल्या तिजेला किनाऱ्यावर पाऊल टाकू द्यायची नाही, तू गुपचूप जाऊन कालवं खाऊन आली होतीस आणि मार मी खाल्ला होता.

आमची तीज चोवीस एप्रिलला. फुमीचं विमान बावीसचं. पंचवीस मार्चला मी नाहालाच होते, बाळासाठी छोटी गादी घ्यायला. संध्याकाळी आले तर कामे म्हणाली की तुझी थोरली बहीण येऊन शंख वेचून गेली. मला वाटलं कामेला आता दिसेनासं झालं. दोन दिवसांनी तुझं पत्र.

मी नुसतं तीज लिहिलं, कुठली ते लिहिलं नाही. लिहायचं सुचलंच नाही. तुझं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, तू इरीच्या विहिरीचं पाणी भरलंस, इरीच्या देवाला उदबत्ती लावलीस, आणि माझ्या डोक्यात तू अजून इथलीच. सहा वर्षं मनातल्या मनात तुझ्याशी भांडले, तेही इथल्याच ताईशी भांडले.

तुला एकटीला त्या वाळूवर बसलेली डोळ्यांपुढे आणते आणि मला जेवण जात नाही. भात मी आणणार होते, म्हणजे तू दोन मोचींवर दिवस काढलास. मूत्रपिंडांचं मोरिओ मला बोलला नाही. तूच बोलू दिलं नसशील.

दोन आठवडे थांब. मोरिओला सांग, डॉक्टरांना सांग, हवं तर मी सांगते, मला कुणी फारसं नाही म्हणत नाही. चोवीस तारखेनंतर जा.

रागावलेली असलीस तरी माया आटवू नकोस, एवढं मागते.

तुझी मूर्ख बहीण,
उतो

---

ओसाका,
१ एप्रिल १९९३

ती. मावशीस,
फुमीचा सा. न. आणि हारुनाची लाळ (खालचा डाग तिचाच आहे).

परवा आईचा फोन आला. ती रडली हे तुला सांगू नकोस असं तिने मला चारदा बजावलं, म्हणून पत्रात लिहितेय.

मावशी, सहा वर्षांपूर्वी मी तुझ्या गळ्यात पडून आईला सांगू नकोस म्हणाले, आणि तू शब्द पाळलास. त्या शब्दापायी तुझी बहीण तुला दुरावली आणि मी इकडे बिनधास्त संसार केला. शाळेच्या तीन वर्षांत तुझ्याकडे राहिले तेव्हापासून मला तशीच सवय, अवघड ते मावशीच्या पदरात टाकायचं. आईच्या पुढ्यात उभं राहून सांगायला हवं होतं. स्वतःला लेक झाल्यावर अक्कल आली, जरा उशिरा.

आईचा राग मी गेले म्हणून नाही, मावशी. आधी तुला सांगितलं म्हणून आहे. ती हे कबूल करणार नाही, पण फोनवर एकदा निसटलं.

तिकिटं बदलून मिळत नाहीत, ह्यांची रजाही बावीसपासूनच आहे. थांबता आलं तर थांब. नाही जमलं तर मी समजेन, पण आई समजेल की नाही याची मला धास्ती आहे. पथ्य सांभाळ, शेवाळाचं खारट लोणचं बंद कर.

कायम तुझ्या मायेची धनी,
फुमी

---

इरी,
६ एप्रिल १९९३

चि. उतोस,
अ. उ. आ., या वेळी मनापासून.

अधिक महिना मी विसरले. पत्र वाचून आधी हसले, मग स्वतःचीच लाज वाटली. आईने एवढे फटके खर्च केले आणि सगळे वाया. पण कालवांचा मार तू खाल्ला नव्हतास, दोघींनी खाल्ला होता. म्हातारपणी इतिहास बदलू नकोस.

थांबणं जमायचं नाही. मोरिओने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की आजींचे पाय बघा, आणि चादर वर केली. पाय सुजून केळीच्या गाभ्यासारखे झालेत. बारा तारखेला यंत्र सुरू, आणि पहिला दीड महिना शहर सोडायचं नाही, होडी तर नाहीच. पोरगं बिचारं माझ्यासमोर डॉक्टरांशी हुज्जत घालत होतं, मीच त्याला गप्प केलं.

तेव्हा चोवीसला तुम्ही करा. हारुनाचे पाय घोट्यापर्यंत बुडव, गुडघ्यापर्यंत नको, एप्रिलमध्येसुद्धा वारा बोचरा असतो. माझ्याकडून तिच्या कपाळाला पाणी लाव. तिला कधीतरी बघेनच, आणि नाही बघितलं तर फोटो असतो. मी हे रडून लिहीत नाही, खरंच. फक्त तिकडे कुणाला ओळखत नाही, एवढीच भीती वाटते.

लोभ आहे तो तसाच राहू दे, मी आता नवा कुठून आणू.

माकातो

---

अगारी,
११ एप्रिल १९९३

चि. फुमीस,
आईचे अ. उ. आ. जावयांना आणि हारुनाला आशीर्वाद.

मावशी काल नाहाला गेली. पण त्याआधीचं सांगते, शेवटपर्यंत वाच, मध्ये फोन करू नकोस.

सात तारखेच्या दुपारी तिचं पत्र आलं. ती तिकडे कुणाला ओळखत नाही हे वाक्य वाचलं आणि रात्रभर कूस बदलत पडले. सकाळी लाल भात शिजवला आणि आठच्या होडीत बसले. इरीवर पाऊल ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती, तुझ्या बाबांच्या फोटोसमोर. जाताना त्यांना सांगून गेले की तुम्ही तिकडे तोंड करा. धक्क्यावर उतरले तर मोरिओ खोकी बांधायची दोरी घेऊन उभा. मला बघून त्याच्या हातातून दोरी पडली.

मावशी आत भांडी कागदात गुंडाळत होती. मी म्हटलं की ऊठ, किनाऱ्यावर जायचंय. ती म्हणाली की आज तीज तुमचीही नाही आणि आमचीही नाही. मी म्हटलं की मग आज कुणी अडवायला येणार नाही. ती म्हणाली की मोची केलेल्या नाहीत. मी म्हटलं की सहा वर्षांत पहिल्यांदा आलेय ते काय मोची खायला. मोरिओने तिला पाठुंगळी घेतलं आणि वाळूपर्यंत सोडून गेला.

पौर्णिमा नुकतीच झालेली, ओहोटी मोठी होती, खडक पार उघडे. आम्ही दोघी काठावरच्या डबक्यात उतरलो. तिने माझं मनगट धरलं होतं. सुजलेले पाय, पण बाकी अंगात काही उरलेलं नाही, फुमी. लहानपणी हीच मला एका हाताने होडीतून उचलून धक्क्यावर ठेवायची. पाणी कोमट होतं. तिने माझ्या कपाळाला लावलं, मी तिच्या. मग भात खाल्ला. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय म्हणून तिच्यासाठी अळणी शिजवला होता, तर मला ऐकवलं की अजून तुला मिठाचा अंदाज नाही.

मी तिला माफ केलं असं म्हणणार होते. मनात रात्रभर वाक्य जुळवलं होतं. त्याआधी तीच बोलायला लागली. तिने सांगितलं की तेव्हा गप्प राहिले ते फुमीला शब्द दिला म्हणून, असं सगळ्यांना सांगत आले, पण ते अर्धंच खरं. पोरीने आधी मला सांगितलं याचा मला आनंद झाला होता, म्हणाली. मला मुलगी नाही. ते दोन महिने मला वाटलं की आहे. ते दोन महिने मला तुझ्याबरोबर वाटून घ्यायचे नव्हते.

हे ऐकून मला राग आला, खोटं कशाला सांगू. हातातला भाताचा डबा खाली ठेवला. मला सहा वर्षं वाटत होतं की तिने माझं काही हिसकावून नेलं. तिच्याकडे तेवढंच होतं, आणि तेही दोनच महिने. मग मी तिच्या पायांवरची वाळू झटकली आणि पायमोजे चढवले. सूज आहे त्यामुळे वेळ लागला. माफीचं वाक्य राहूनच गेलं.

काल नाहाची बोट आमच्या धक्क्याला टेकली तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मी हात हलवला. तिने हातानेच डोक्याचा रुमाल नीट बांध अशी खूण केली, वारा होता.

आता नीट ऐक. तुमचं विमान बावीसला नाहालाच उतरतं, आणि अगारीची होडी दुसऱ्या दिवशी आहे. मी धक्क्यावर नवी गादी घेऊन उभी राहीन, पण तेवीसला. त्याआधी विमानतळावरून तडक मोरिओकडे जा. पत्ता मागे लिहिलाय. बावीस तारीख गुरुवार आहे, त्या दिवशी तिला यंत्र नसतं. हारुनाला आधी तिच्या मांडीवर दे. मी अजून घेतलेली नाही असं तिला सांग, नक्की सांग. मग माझ्याकडे आण.

तुझी,
आई